आजीचा सुपारी फोडायचा बत्ता: एका पितळी वस्तूची ओळख पटवताना

आमच्या गावच्या घरात (सातारा जिल्हा, गावाचं नाव इथे नको) एक पितळी वस्तू होती जिला कुणी नाव दिलेलं नव्हतं, सगळे तिला नुसतं "तो बत्ता" म्हणायचे कारण आजी त्याने सुपारी फोडायची आणि सुंठ ठेचायची. मुठीत मावेल एवढी, खाली रुंद वर निमुळती, वजन अर्ध्या किलोच्या वर. आजी गेल्यावर आत्याने ती दिवाळीच्या दिवाळी भांड्यांबरोबर पितांबरीने घासून शोकेसमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि मागच्या वर्षी घराची वाटणी करताना प्रश्न आला की हे आहे तरी काय आणि कुणाला द्यायचं. मी भोसरीला टूलरूममध्ये काम करतो, मोजमाप हे माझं रोजचं काम, म्हणून सगळ्यांनी ते माझ्या हातात दिलं. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत काय काय झालं ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण असल्या वस्तू आपल्याकडे बऱ्याच घरांत पडून आहेत आणि लोक त्या ओळखायला जातात तेव्हा मी केली तीच चूक आधी करतात.

चूक ही की मी आधी "हे कशाचं आहे" विचारलं. आधी विचारायला पाहिजे होतं "हे अजून पेटू शकतं का".

घरात मतं भरपूर होती. आत्याचं म्हणणं देवळाचा छोटा कळस, कारण वरचा आकार तसाच, खाली आटे आहेत म्हणजे शिखरावर फिरवून बसवत असतील. धाकटे काका म्हणाले हा वाफेच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह, आकडे आहेत ना त्यावर. थोरल्या काकांची गोष्ट सगळ्यात मोठी, ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय: पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकमधे) कुटच्या वेढ्यात होते आणि तिथून त्यांनी हे आणलं. आणि चुलत घराकडची चौथी गोष्ट अशी की एक चुलत आजोबा मुंबईला गोदीत होते, १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकाइन जहाज उडालं तेव्हा जो माल मुंबईभर उडाला त्यातला हा तुकडा. माझं स्वतःचं मत मिलिटरी डिस्पोजलचा माल, म्हणजे पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरलं की अशी पितळी होकायंत्रं, दुर्बिणीचे भाग, काय काय मिळायचं, त्यातलंच कुणीतरी कधीतरी उचललेलं असणार.

वस्तू नीट बघायला घेतली ती खिडकीपाशी, सकाळच्या तिरप्या उन्हात. हे महत्त्वाचं आहे. वरून ट्यूबलाईटच्या उजेडात झिजलेला शिक्का दिसतच नाही, तिरपा उजेड पाडला की अक्षराची कड सावली धरते. वरचा शंकू घासून घासून गुळगुळीत झालेला, तिथे काही उरलं नव्हतं, आत्याच्या वीसेक दिवाळ्या तिथे खर्ची पडल्या होत्या. पण शंकूच्या खाली दोन कड्या होत्या, एकावर एक बसवलेल्या, आणि खालच्या कडीच्या कडेला बारीक रेघा आणि आकडे. ० पासून २२ पर्यंत, मधे छोट्या रेघांचे भाग. त्या कडीखाली अंगाचा जो पसरट भाग होता त्यावर एक उभी खूण, म्हणजे कडी फिरवून आकडा त्या खुणेसमोर आणायचा. कडीला किल्ली अडकवायची खाच. आणि सगळ्यात खाली आटे, व्यास जवळजवळ दोन इंच, माझं मेट्रिक पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) त्यात बसेना म्हणजे इंची मापाचं काम. चुंबक चिकटत नव्हतं.

इथे कळस आणि व्हॉल्व्ह दोन्ही माझ्यापुरते बाद झाले. कळसाला कुणी अंश पाडत नाही. व्हॉल्व्हचं म्हणाल तर आरपार वाट लागते, वाफ इकडून तिकडे जायला, इथे तशी वाट नव्हती, कडेला फक्त बारीक भोकं. शिवाय एक गोष्ट डोक्यात अडकून बसली: आकडे गोल फिरून पूर्ण होत नव्हते. २२ नंतर थोडी कोरी जागा आणि मग ०. घड्याळ असतं, प्रेशरचं काही असतं, तर ही कोरी जागा कशाला सोडली असती? ती जागा नुसती रिकामी नसणार, तिथे आत काहीतरी संपत असणार, असं मी वहीत लिहून ठेवलं.

मग आकडे उठून दिसावेत म्हणून खडूची पूड बोटाने त्यात भरली आणि वरून ओला कपडा हलका फिरवला. आटे आणि कडी यांच्या मधल्या पट्टीवर, जिथे पितांबरीचं बोट कधी पोचलं नव्हतं, तीन गोष्टी वर आल्या. एक तीन रेघांचा बाण, कोंबडीच्या पायासारखा. एक ८०, त्याच्या पुढे रोमन आकडा होता पण अर्धा गेलेला. आणि ९/१७.

बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, ब्रॉड ॲरो, तंबूच्या खुंटीपासून तोफेपर्यंत सगळ्यावर मारायचे. हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाबरोबर आय अक्षर असतं, ते इथे नव्हतं, म्हणजे माल विलायतेच्या खात्यातला. आणि ८० या आकड्याने सगळं उलगडलं, कारण ब्रिटिश सैन्यात तोफगोळ्याच्या फ्यूजना, म्हणजे गोळा फोडणाऱ्या टोकावरच्या यंत्रणेला, नंबर असत आणि ८० नंबर हा पहिल्या महायुद्धातल्या १८ पाउंडर तोफेचा सगळ्यात नेहमीचा टाइम फ्यूज.

म्हणजे आजी ज्याने सुपारी फोडत होती ते तोफगोळ्याचं डोकं होतं.

तो चालतो कसा हे थोडं नीट सांगतो, कारण त्यातच माझ्या कोऱ्या जागेचं उत्तर आहे. १८ पाउंडर ही १९०४ पासूनची तोफ, नळीचा व्यास ३.३ इंच, गोळा साधारण साडेआठ किलोचा. तिचा मुख्य गोळा श्रॅपनेल, म्हणजे आत पावणेचारशेच्या आसपास शिशाच्या गोळ्या भरलेल्या आणि बुडाशी थोडी काळी दारू. हा गोळा जमिनीवर पडून फुटायचा नसतो, तो शत्रूच्या थोडा अलीकडे हवेत फुटायचा असतो म्हणजे गोळ्या पुढे पावसासारख्या जातात. हवेत नेमका कधी फुटायचा हे ठरवणारा हा फ्यूज. त्या दोन कड्यांच्या आत घोड्याच्या नालासारखी खोबण असते आणि तिच्यात दाबून भरलेली दारू. तोफ सुटली की धक्क्याने आतला तुकडा मागे सरकतो, कॅप (ठोकली की पेटणारी टिकली) फुटते आणि वरच्या कडीतली दारू पेटते, ती वातीसारखी गोल जळत जाते, मग तिथून आग खालच्या कडीत उतरते, तिथे परत जळत जळत खाली मुख्य कप्प्यात पोचते आणि तिथून गोळ्याच्या मधल्या नळीतून थेट बुडाच्या दारूत. खालची कडी फिरवली की वात लांब होते किंवा आखूड होते, बस, एवढाच हिशोब. आणि खोबण नालासारखी म्हणजे पूर्ण गोल नाही, दोन टोकांच्या मधे भरीव धातू. तीच बाहेरची कोरी जागा. कडी तिथे लावून ठेवली की आग पुढे जाऊच शकत नाही, म्हणून साठवणीत ती तशीच ठेवायची.

खरं सांगतो, हे कळलं तेव्हा मला आधी आनंद झाला. पाच मिनिटं. मग मेव्हणा म्हणाला, चल व्हाईसमध्ये धरू आणि पान्याने फिरवून उघडू, आत काय आहे बघू, आणि मी खरोखर व्हाईसच्या जबड्यात लावायला कापड शोधायला उठलो होतो. तेवढ्यात वहीतली ओळ डोळ्यांसमोर आली की हा नुसता टाइम फ्यूज नाही, टाइम अँड पर्कशन आहे. म्हणजे त्यात दोन यंत्रणा असतात. एक वेळेची, आणि दुसरी आपटल्यावर पेटणारी, जर हवेत फुटला नाही तर जमिनीवर तरी फुटावा म्हणून. वेळेची यंत्रणा कामी आली असली तरी आपटीची कॅप तशीच शाबूत राहू शकते. शंभर वर्षांनीसुद्धा. आणि आमच्या घरात त्याने पाट्यावर चाळीस वर्षं सुपारी ठेचली गेली होती.

हातातलं खाली ठेवलं. पलंगावर गादी होती तिच्यावर, आडवं, आणि सगळ्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन आलो. आत्या म्हणाली अरे इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार. हे वाक्य ऐकून घ्या, असल्या वस्तूपाशी प्रत्येक घरात हेच म्हटलं जातं. काही झालं नाही याचा अर्थ काही होणार नाही असा होत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करायच्या कामातच स्फोट झाला आणि सहा माणसं गेली, आणि ते तर कामच त्याचं होतं. फायरिंग रेंजच्या आसपास पितळ-तांबं वेचून भंगारात विकणारी माणसं कशी जातात ते आपण अधूनमधून वाचतोच. पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर, बेल्जियममध्ये ईप्रच्या शेतांत आणि फ्रान्समध्ये सोमच्या काठी, नांगराला आजही दर वर्षी गोळे लागतात आणि शेतकरी ते स्वतः उघडत बसत नाही, बांधावर ठेवतो आणि फोन करतो.

आणि कायद्याचंही आहे. शस्त्र कायदा १९५९ मधे दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात फ्यूज स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे शोकेसमधली ती वस्तू कळस असेपर्यंत ठीक होती, फ्यूज आहे हे कळल्यावर मुकाट ठेवून देणं हा पर्यायच राहिला नव्हता. ११२ ला फोन केला. पथक यायला दुपार लागणार होती. तोवर लांबून, हात न लावता, झूमने फोटो काढत बसलो, आणि या पाच तासांत उरलेल्या दोन गोष्टींचा निकाल लागला, पणजोबांची आणि गोदीची.

आधी कुटची गोष्ट. तुर्कांनी घातलेला कुटचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला ब्रिटिश जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. सहावी पूना डिव्हिजन आत होती, त्यात आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. घरात कुट हे नाव पिढ्यांपिढ्या आहे ते उगाच नाही, साताऱ्याकडच्या किती घरांतली माणसं तिथून परत आलीच नाहीत. पण फ्यूजवर ९/१७ आहे. सप्टेंबर १९१७ ला कारखान्यात बनलेली वस्तू एप्रिल १९१६ ला संपलेल्या वेढ्यातून कशी येईल? थोरल्या काकांना हे सांगताना माझा आवाज नीट निघत नव्हता. त्यांनी ही गोष्ट त्यांच्या वडलांकडून ऐकली होती. ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि ट्रंकेतला एक कागद घेऊन आले, घडीवर फाटलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पणजोबांचा डिस्चार्ज, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला. आणि त्यात पलटण ११४ मराठा, भरती १९१७.

पणजोबा कुटला नव्हतेच. पण मेसोपोटेमियात होते. ११४ ची पलटण मेसोपोटेमियाच्या मोहिमेत शेवटपर्यंत होती, ऑक्टोबर १९१८ मधे शरकातच्या लढाईत ती होती, ३० तारखेला तुर्कांनी युद्धबंदीच्या करारावर सही केली त्याच आठवड्यातली ती लढाई. पुढे १९२२ च्या फेररचनेत ही पलटण १०/५ झाली, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दहावी, बेळगावची ट्रेनिंग बटालियन. काकांची गोष्ट खोटी नव्हती, फक्त गावात कुटचं नाव जास्त चालतं म्हणून ती कुटला जाऊन चिकटली. असं मला वाटतं, आणि मला ते पटतं.

मेसोपोटेमियात एक अडचण होती ती म्हणजे हा फ्यूज तुर्कांचा असू शकतो का, कारण तुर्कांकडे क्रुप या जर्मन कंपनीचा माल होता आणि ब्रिटिशांचा ८० नंबरसुद्धा मुळात क्रुपच्याच पेटंटवरून विकर्स या ब्रिटिश कंपनीने लायसन्स घेऊन बनवलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फ्यूज लांबून भाऊ-भाऊ दिसतात. इथे आकड्यांनी सोडवलं. जर्मन फ्यूजवर अंश शेकडो मीटरमधे असतात आणि आकडे बरेच वर जातात, तुर्की फ्यूजवर आकडे अरबी लिपीत असतात. आपल्यावर साधे इंग्रजी आकडे, ० ते २२, आणि बाण. विषय संपला.

आता गोदीची गोष्ट. तारीख तिला आड येत नव्हती, १९१७ चा माल १९४४ ला जहाजात असूही शकतो. पण १९४४ पर्यंत १८ पाउंडरची जागा २५ पाउंडरने घेतली होती आणि तिचे फ्यूज वेगळे. आणि माझ्यासाठी निर्णायक गोष्ट ही होती की कडी कोरी जागा सोडून दुसरीकडेच होती. खुणेसमोर साडेतेरा होता. आधी मला वाटलं आजोबा-पणजोबांपैकी कुणीतरी फिरवलं असेल, पण ती कडी हाताने हलतच नव्हती, ती मुळात अशी घट्ट आवळलेली असते की फिरवायला किल्ली लागते, आणि इथे तर जाम झालेली. पेटीत भरून जहाजावर चढवलेला फ्यूज साडेतेरावर लावलेला नसतो. शिवाय खालून बघितलं तर तळाचं झाकण नाही, आत पोकळ, आणि आतल्या बाजूला काळी काजळी, आणि आट्यांचे वरचे दोन फेरे एका बाजूने सोललेले. म्हणजे हा डागलेला फ्यूज. श्रॅपनेल हवेत फुटतं तेव्हा कवच फारसं फुटत नाही, डोकं पुढे उडून जातं आणि फ्यूज बऱ्यापैकी अखंड जमिनीवर पडतो, म्हणूनच ते इतके सापडतात.

साडेतेरा. या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. तोफेमागे कुणीतरी उभं होतं, त्याला कुणीतरी ओरडून आकडा सांगितला, त्याने किल्ली लावून कडी फिरवली, खुणेसमोर आणली, गोळा आत सारला. त्यानंतर त्या कडीला कुणी हलवलं नाही. आजीने नाही, आत्याने नाही, मीही नाही.

दुपारी बॉम्बशोधक व नाशक पथक आलं. फार नीट माणसं. मी वही दाखवली, फोटो दाखवले, त्यांच्यातल्या एकाने विचारलं की उघडायचा प्रयत्न केलात का आणि मी नाही म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. पोर्टेबल एक्स-रे लावला. वेळेची बाजू जळून गेलेली, आपटीची कॅप जागेवर. त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात ती एवढीशी दिसत होती, मटारच्या दाण्याएवढी. न्यावं लागेल म्हणाले, आणि परत मिळणार नाही.

काकांनी विचारलं, निकामी करून परत देता नाही का येणार, साहेब? तो माणूस वयाने काकांच्या मुलाएवढा, पण त्याने उत्तर टाळलं नाही. म्हणाला, काका, पितळ जुनं झालं की आतलं काय करेल ते आम्हालाही सांगता येत नाही, मी ते हातात धरून उघडणार नाही आणि माझ्या पोरांनाही उघडायला सांगणार नाही. काका हो म्हणाले.

पंचनाम्यात हवालदार लिहायला लागले "पितळी धातूची जुनी अनोळखी वस्तू, नग १". मी त्यांना विनंती केली की अनोळखी लिहू नका. त्यांनी विचारलं मग काय लिहू, मी सांगितलं, त्यांनी शब्दाशब्दाने लिहून घेतलं: तोफगोळ्याचा फ्यूज, क्रमांक ८०, सप्टेंबर १९१७, डागलेला, कडी साडेतेरावर.

नेण्याआधी मी एक गोष्ट मागितली आणि त्यांनी ती करू दिली, पथकातल्याच माणसाने, त्याच्या हाताने. कडीभोवती ट्रेसिंग पेपरची पट्टी गुंडाळून वरून पेन्सिल हलकी फिरवली. घरी तीच आहे आता, चार बोटं रुंद पट्टी, ० पासून २२ पर्यंत आकडे, मग कोरी जागा, आणि साडेतेराच्या खाली खुणेची रेघ. ती पणजोबांच्या डिस्चार्जच्या पिशवीत ठेवलीय. पट्टीच्या मागे दोन ओळी लिहिल्यात, वेगवेगळ्या शाईने. निळ्याने जे वस्तूवर लिहिलेलं होतं ते. काळ्याने "घरात सांगतात की पणजोबांनी मेसोपोटेमियातून आणला". डागलेले फ्यूज आपल्याकडच्या सरावाच्या मैदानांवरही पडायचे, डिस्चार्जमधे फ्यूजचा उल्लेख नाही, म्हणून ती ओळ काळी. काकांनी वाचलं आणि म्हणाले, काळी राहू दे, पण पुसू नको.

आजीचा पाटा आत्याकडे गेला वाटणीत. त्याच्या एका कोपऱ्यात ठेचून ठेचून एक वाटी पडलीय, बरोबर त्या शंकूच्या टोकाच्या मापाची.